बर्फातील तास आणि यकृताचा अव्हेर

(रायगड किनारपट्टीवरील कार्यकर्ते व त्यांच्या कुटुंबीयांसमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



रेवस असो, थळ असो, अक्षी असो वा श्रीवर्धनचे जीवना बंदर असो. पहाटे मचवा किनाऱ्याला लागला की टोपली घेऊन उभी असलेली कोळीण सर्वप्रथम माशाचे कल्ले उघडून पाहते. वरची कातडी कितीही चकाकत असली, डोळा कितीही पाणीदार दिसत असला, तरी तिचा विश्वास कल्ल्यांच्या रंगावर. मासळी बर्फात किती काळ होती, हे तो रंग तिला सांगतो. बर्फ नासण्याची क्रिया मंद करतो, थांबवीत नाही, हे ज्ञान या किनाऱ्याला कोणत्याही विद्यापीठाने दिलेले नाही. पिढ्यान्‌पिढ्यांच्या व्यवहारातून ते आले आहे.

आज ज्या विषयाचा विचार करावयाचा आहे, त्याचे मूळ याच अनुभवात आहे. एखाद्या मेंदूमृत व्यक्तीचे यकृत काढले जाते, थंड द्रावणाने धुतले जाते, बर्फाच्या पेटीत ठेवले जाते आणि दुसऱ्या रुग्णालयातील रुग्णाच्या शरीरात बसविले जाते. या प्रवासात त्याला जी इजा होते, तिचा पुढे त्या रुग्णाच्या शरीराने ते यकृत नाकारण्याशी काय संबंध आहे? प्रश्न वैद्यकशास्त्राचा वाटतो. परंतु अपघाताच्या रात्री रुग्णालयाच्या ओसरीवर बसून 'हो' किंवा 'नाही' म्हणणाऱ्या घराचाही तो प्रश्न आहे, आणि मुंबईपासून खाडीने तोडलेल्या रायगड किनाऱ्याचा तर तो विशेषच आहे.

प्रत्यारोपणाचा विषय निघाला की आपल्याकडे गजाननाच्या मस्तकाची कथा हमखास सांगितली जाते. श्रद्धेच्या ठिकाणी ती कथा पूजनीयच आहे. पण शल्यकर्माचा पुरावा हवा असेल तर तो पुराणात शोधण्याचे कारण नाही. तो पुण्याजवळ, लेखी स्वरूपात उपलब्ध आहे. इंग्रजी सैन्यात बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठा गडी १७९२ च्या युद्धात टिपू सुलतानाच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापून त्याला सोडण्यात आले. पुढे पुण्याजवळच्या, वीटभट्टी चालविणाऱ्या जातीतील एका वैद्याने त्याच्या कपाळावरील कातडीचे पान कापून, ते खाली वळवून नवे नाक घडविले. दोन इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया प्रत्यक्ष पाहिली आणि ऑक्टोबर १७९४ च्या 'जंटलमन्स मॅगझिन' या लंडनच्या मासिकात तिचा सचित्र वृत्तान्त छापून आला. युरोपातील नव्या नासिका-शल्याचा प्रारंभ त्या वृत्तान्तापासून झाला, हे तिकडचेच इतिहासकार मान्य करतात.

येथे अभिमानाबरोबर दोन गोष्टी बारकाईने पाहावयास हव्यात. पहिली, कावसजीच्या शरीराने ते नाक नाकारले नाही, कारण ते त्याच्याच शरीराचे मांस होते. दुसरी अधिक सूक्ष्म आहे. वैद्याने कातडीचे पान पूर्ण तोडले नव्हते. भुवयांच्या मध्ये त्याचा देठ शाबूत ठेवला होता. नवी जागा धरेपर्यंत त्या देठातून रक्त वाहत राहिले, आणि मगच देठ कापला गेला. म्हणजे त्या मांसाला एक क्षणही उपाशी राहावे लागले नाही. सुश्रुताची परंपरा सांभाळणाऱ्या त्या अनामिक वैद्याने जे साधले, ते परक्या देहातून आलेल्या यकृताच्या बाबतीत साधता येत नाही. यकृत परके असते, आणि त्याचा देठही तुटलेला असतो. परकेपणा आणि उपासमार ही दोन संकटे एकमेकांना कशी बळ देतात, तेच आज समजून घ्यावयाचे आहे.

परकेपणाची कहाणी आधी थोडक्यात. दुसऱ्या महायुद्धात भाजलेल्या वैमानिकांच्या जखमांवर दुसऱ्याची त्वचा का टिकत नाही, याचा शोध ब्रिटनमध्ये पीटर मेडावार यांनी घेतला. शरीराची प्रतिकारशक्ती परक्या पेशी ओळखते, लक्षात ठेवते आणि त्यांच्यावर चालून जाते, हे त्यांनी सिद्ध केले. पुढे १९६० चे नोबेल पारितोषिक त्यांना विभागून मिळाले. थॉमस स्टार्झल यांनी १९६३ साली अमेरिकेत डेन्व्हर येथे माणसावरचे पहिले यकृत प्रत्यारोपण केले. तो रुग्ण वाचला नाही. दीर्घकाळ जगलेला पहिला रुग्ण १९६७ सालचा. पुढे नॉर्वेच्या मातीतील एका बुरशीपासून सायक्लोस्पोरिन मिळाले, जपानच्या मातीतील जिवाणूपासून टॅक्रोलिमस मिळाले, आणि प्रतिकारशक्तीला आवर घालण्याची साधने हाती आली. भारतात १९९८ साली दिल्लीत वडिलांच्या यकृताचा भाग त्यांच्या चिमुकल्या मुलाला बसविण्याची शस्त्रक्रिया यशस्वी झाली. तेव्हापासून आपल्या देशाने या क्षेत्रात केलेली प्रगती जगाने वाखाणावी अशीच आहे.

आता दुसरे संकट, म्हणजे उपासमार.

रक्तपुरवठा तुटला की प्राणवायू तुटतो. प्राणवायू नसला की पेशीतील ऊर्जेचे चलन संपू लागते. या चलनाचे नाव एटीपी. १९२९ साली हार्वर्डमध्ये फिस्के यांच्यासह ते स्नायूंतून वेगळे काढणारे शास्त्रज्ञ होते यल्लाप्रगडा सुब्बाराव, आंध्रातील भीमावरमचे सुपुत्र. त्यांचे नाव आपल्या शाळकरी मुलांना माहीत नसावे, ही खेदाची गोष्ट आहे. असो. एटीपी संपले की पेशीच्या भिंतीवरचे पंप बंद पडतात, सोडियम आत शिरतो, त्यामागोमाग पाणी शिरते आणि पेशी फुगते. पावसाळ्यात खारबंदिस्तीचे दार नादुरुस्त झाले की भरतीचे पाणी शेतात शिरते, तसाच हा प्रकार.

यकृत सुमारे ४ अंश तापमानापर्यंत थंड केले की पेशींचा एकूण व्यवहार सुमारे एक दशांशावर येतो. उपासमार लांबते, टळत नाही. १९८० च्या दशकापर्यंत वापरात असलेल्या द्रावणात यकृत सहा ते आठ तासांपलीकडे भरवशाने ठेवता येत नसे. शल्यचिकित्सकांना अक्षरशः धावपळ करावी लागे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात फोल्कर्ट बेल्झर आणि जेम्स साउदर्ड यांनी पेशीला फुगू न देणारे नवे द्रावण तयार केले आणि १९८० चे दशक संपता संपता ते जगभर रुजले. त्यामुळे काळाची मर्यादा बरीच वाढली. तरीही आज अनुभवी केंद्रे यकृत शक्यतो बारा तासांच्या आत, आणि जमल्यास त्याहून कितीतरी आधी, बसविण्याचा आग्रह धरतात.

गंमत अशी, की खरी हानी बर्फात दिसतच नाही. ती दिसते रक्त पुन्हा सुरू झाल्यावर. उपाशी पेशीत अर्धवट जळालेली द्रव्ये साठलेली असतात. त्यांपैकी सक्सिनेट या एका द्रव्याची भूमिका २०१४ साली केंब्रिजच्या संशोधकांनी उलगडली. रुग्णाचे उबदार, प्राणवायूयुक्त रक्त आत आले की ते साठलेले द्रव्य भडकते, पेशीच्या ऊर्जाघरात विध्वंसक प्राणवायू-कण निर्माण होतात आणि काही मिनिटांत पेशी फाटू लागतात. अनेक दिवसांच्या उपवासानंतर एकदम पंगतीचे जेवण जेवू नये, असे घरातील वडीलधारी सांगतात. येथे तर उपाशी अवयवापुढे सारे ताट एका क्षणात वाढले जाते.

यकृतात सर्वाधिक नुकसान सोसतात ती दोन स्थाने: सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे आतील अस्तर आणि पित्तनलिका. थंडीने ते अस्तर सुटून येते. पित्तनलिका केवळ यकृत-रोहिणीच्या रक्तावर जगतात. त्यांना पर्यायी पुरवठा नाही. ही दोन नावे लक्षात ठेवावीत, कारण पुढे त्यांचा पुन्हा उल्लेख येणार आहे.

येथपर्यंतची कथा इजेची झाली. मग त्यात अव्हेर, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत 'रिजेक्शन', कोठून आला?

दीर्घकाळ वैद्यकशास्त्राची समजूत अशी होती की प्रतिकारशक्ती फक्त एकच प्रश्न विचारते: हा आपला की परका? या समजुतीला पहिला मोठा धक्का व्यवहारातूनच बसला. १९९५ साली अमेरिकेत पॉल तेरासाकी आणि सहकाऱ्यांनी मूत्रपिंड प्रत्यारोपणाची देशभरातील आकडेवारी मांडली. पती-पत्नींमध्ये रक्ताचे नाते नसते. त्यांच्या पेशींचे गुणधर्म जुळण्याचे काही कारण नाही. तरीही पतीने पत्नीला किंवा पत्नीने पतीला दिलेली ८५ टक्के मूत्रपिंडे तीन वर्षांनी कार्यरत होती. मृत दात्यांकडून आलेल्या मूत्रपिंडांच्या बाबतीत हेच प्रमाण ७० टक्के होते, आणि तेही त्यांची जुळणी तुलनेने चांगली असताना. याचे कारण तेरासाकींनी स्पष्ट सांगितले. पत्नीचे मूत्रपिंड निरोगी देहातून निघून शेजारच्या शस्त्रक्रियागृहात जाते, त्याला इजा झालेली नसते.

त्याच सुमारास, १९९४ साली, दोन ठिकाणी एकच विचार पुढे आला. जर्मनीत म्यूनिकच्या वाल्टर लांड यांनी मूत्रपिंड बसविताना रुग्णाला विध्वंसक प्राणवायू-कण निष्प्रभ करणारे एक विकर दिले. अशा रुग्णांत पुढे तीव्र अव्हेराचे प्रसंग लक्षणीय कमी आढळले. विकर दिले इजेवर आणि परिणाम दिसला अव्हेरावर! अमेरिकेत पॉली मॅट्झिंगर यांनी याच काळात मांडले की प्रतिकारशक्ती केवळ परकेपणाने जागी होत नाही. ती जागी होते धोक्याच्या हाकेने.

गावाचा दृष्टान्त घेतला तर हे चटकन कळते. रात्री एखादा अपरिचित वाटसरू शांतपणे गावातून चालला, तर एखादे कुत्रे भुंकते आणि गाव पुन्हा झोपी जाते. पण त्याच वेळी एखाद्या घराला आग लागली, आरडाओरडा झाला, की सारा गाव हातात काठ्या घेऊन बाहेर पडतो. मग सर्वांची नजर प्रथम त्या अपरिचितावरच जाते. वाटसरू तोच असतो. आगीने फरक पडलेला असतो.

फाटलेल्या यकृतपेशी हीच हाक देतात. पेशीच्या आत एरवी बंदिस्त असणारी प्रथिने बाहेर सांडतात. यकृतात कायम पहाऱ्यावर असणाऱ्या कुप्फर पेशी त्यांनी खवळतात, दाह वाढविणारी रसायने सोडतात. रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर श्वेतपेशींना पकडणारे आकडे उगवतात. पित्तनलिका आणि अस्तराच्या पेशी आपल्या परकेपणाची निशाणी अधिक ठळकपणे मिरवू लागतात. दात्याच्या यकृतातून आलेल्या वार्ताहर पेशी रुग्णाच्या प्लीहेत व लसिकाग्रंथींत पोहोचतात आणि तेथील टी-पेशींना परक्याची ओळख पटवून देतात. हे सर्व पहिल्या काही दिवसांत घडते. टी-पेशींची फौज तयार होऊन चालून येते ती साधारणतः पहिल्या आठवड्याच्या अखेरीपासून पुढच्या काही आठवड्यांत. आणि ही फौज नेमकी कोणावर तुटून पडते? पित्तनलिकांवर आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर. म्हणजे बर्फाने जी दोन स्थाने दुबळी केली, अव्हेर त्यांच्यावरच घाला घालतो.

यकृताच्या बाबतीत १९९० साली डल्लास येथील शल्यचिकित्सकांनी आपल्या रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली होती. शस्त्रक्रियेनंतर लगेच रक्तातील यकृत-विकरे जितकी अधिक चढलेली, म्हणजे जतनातील इजा जितकी मोठी, तितके पुढे अव्हेराचे प्रमाण अधिक, असे त्यांना आढळले. प्रामाणिकपणे हेही सांगितले पाहिजे की नंतरचे सर्व अभ्यास एका सुरात बोलत नाहीत. यकृत हा मोठा सहनशील अवयव आहे. मूत्रपिंडासारखी काटेकोर जुळणी त्याला लागत नाही. नव्या औषधांमुळे अव्हेर झाला तरी बहुतेक वेळा तो आटोक्यात येतो. इजा झाली की अव्हेर होणारच, असा सरळ हिशेब मांडता येत नाही; पण इजा अव्हेराची वाट सोपी करते, एवढे मात्र निश्चित म्हणता येते.

रुग्णाच्या दृष्टीने याहून कठीण प्रसंग वेगळाच आहे. शस्त्रक्रियेनंतर आठवड्याभरात विकरे चढलेली दिसतात, कावीळ उतरत नाही. हे कशामुळे? जतनातील इजेमुळे की अव्हेरामुळे? दोहोंचे बाह्य रूप सारखे, उपचार मात्र वेगळे. अव्हेर असेल तर मोठ्या मात्रेत स्टिरॉइड देऊन प्रतिकारशक्ती दडपावी लागते. केवळ इजा असेल तर धीर धरून यकृताला सावरू द्यावे लागते. तेथे स्टिरॉइडचा मारा केला तर लाभ काही नाही आणि जंतुसंसर्गाला मात्र दार उघडे. इजेची विकरे बहुधा पहिल्या एक-दोन दिवसांत शिखर गाठून उतरू लागतात, अव्हेराची नंतर चढतात. परंतु एकातून दुसरे उद्भवले तर हा क्रमही पुसट होतो. मग सुईने यकृताचा कण काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे, म्हणजे बायोप्सी, हाच निवाडा. ज्या घरात प्रत्यारोपण झाले आहे तेथील मंडळींनी डॉक्टरांनी बायोप्सी सांगितली म्हणून धास्तावू नये, ते यासाठी.

आणखी एक मुद्दा मध्यमवर्गीय घरांच्या जिव्हाळ्याचा, पण फारसा न आवडणारा. चरबीयुक्त यकृत थंडी सहन करू शकत नाही. पेशीत साठलेली मोठी चरबी सूक्ष्म रक्तमार्ग दाबते, रक्त पुन्हा सुरू झाल्यावर तीच जळते, आणि इजा कित्येक पटींनी वाढते. अतिशय चरबीयुक्त यकृते म्हणूनच दान मिळूनही वापरता येत नाहीत. मद्याचा थेंब न शिवणाऱ्या घरांतही बैठे काम, गोडधोड आणि मधुमेह यांमुळे यकृताला चरबी धरते. शाखेवरील सूर्यनमस्कार सुटले आणि पोट सुटले, हे विनोदाने म्हटले जात असले तरी त्यात वैद्यकीय तथ्य पुष्कळ आहे.

बर्फाला पर्याय शोधण्याचे प्रयत्न जगात जोरात आहेत. ऑक्सफर्डच्या पीटर फ्रेंड आणि कॉन्स्टन्टिन कूसियोस यांच्या यंत्रात यकृत ३७ अंशांवर ठेवले जाते, त्यातून रक्त फिरविले जाते, ते पित्त तयार करते. जणू ते शरीरातच आहे! २०१३ साली लंडनमध्ये अशा यंत्रात ठेवलेले यकृत प्रथमच माणसाला बसविण्यात आले. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या, २२० प्रत्यारोपणांच्या तुलनेत यंत्रातील यकृतांची इजा, विकरांच्या मापाने, बर्फातील यकृतांच्या निम्मी आढळली. आणि ती यंत्रात अधिक काळ ठेवलेली असूनही. नेदरलँड्समधील ग्रोनिंगेनच्या गटाने दुसरी वाट धरली. यकृत थंडच ठेवावे, पण बसविण्यापूर्वी प्राणवायूयुक्त द्रावण त्यातून फिरवावे. हृदय थांबलेल्या दात्यांच्या यकृतांवरील त्यांच्या २०२१ च्या अभ्यासात पित्तनलिका आकसण्याचे प्रमाण १८ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आले. झ्युरिकमध्ये तर एक यकृत तीन दिवस यंत्रात सांभाळून २०२१ साली रुग्णाला बसविण्यात आले. ही यंत्रे आणि प्रत्येक वेळी लागणारे त्यांचे संच अत्यंत महाग आहेत. अंतराळयाने माफक खर्चात पाठविणाऱ्या देशाच्या अभियंत्यांनी याकडे लक्ष द्यावे, अशी अपेक्षा अनाठायी नव्हे. तोवर आपल्या हातात बर्फाची पेटी आहे आणि घड्याळ आहे.

या घड्याळाचा रायगड किनाऱ्याशी संबंध आता पाहू.

अलिबागहून मुंबई समुद्रमार्गे हाकेच्या अंतरावर दिसते. रस्त्याने मात्र पेण-पनवेलचा वळसा घेऊन ती सुमारे १०० किलोमीटर पडते. मुरूड, श्रीवर्धन त्याहून पुष्कळ लांब. मुंबई-गोवा महामार्गाचे रुंदीकरण २०११ पासून किती वर्षे रखडले, हे येथील प्रवाशांना सांगण्याची गरज नाही, आणि त्या रस्त्याने किती तरुणांचे बळी घेतले तेही. मांडवा ते भाऊचा धक्का रो-रो सेवा मार्च २०२० मध्ये सुरू झाली, तेव्हा रुग्णवाहिकेला वाहनासह खाडी ओलांडता येऊ लागली. १२ जानेवारी २०२४ रोजी अटलबिहारी वाजपेयी यांच्या नावाचा शिवडी-न्हावाशेवा सेतू खुला झाला, २१.८ किलोमीटरच्या या सेतूने उरणच्या बाजूचे अंतर जवळजवळ पुसून टाकले. नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले, तोही याच जिल्ह्यात. सिमेंट आणि पोलादाने वाचविलेला प्रत्येक तास यकृताच्या पेशींत जमा होतो, या दृष्टीने या कामांकडे क्वचितच पाहिले जाते.

परंतु रस्त्यावरचा वेळ हा एकच वेळ नाही. त्याआधी रुग्णालयातील वेळ आहे. १९९४ च्या कायद्यानुसार मेंदूमृत्यू चार डॉक्टरांच्या मंडळाने ठरवावा लागतो, आणि त्यासाठीच्या तपासण्या सहा तासांच्या अंतराने दोनदा कराव्या लागतात. ही सहा तासांची अट दात्याच्या रक्षणासाठी आहे. ती पवित्रच मानली पाहिजे. अपघात असेल तर पोलीस पंचनामा आणि शवविच्छेदन येते. या काळात यकृत अजून बर्फात गेलेले नसते, तरीही ते सुरक्षित नसते. मेंदू मृत झाला की शरीराचे तोल ढळतात, रक्तदाब कोसळतो, सर्वांगात दाह पसरतो. धोक्याची पहिली हाक यकृत येथेच देऊ लागते. म्हणून नातेवाइकांच्या संमतीला लागणारा वेळ हाही जतनाचाच भाग आहे.

सरकारने या बाबतीत काही चांगली पावले उचलली. २०११ च्या दुरुस्तीने, जेथे प्रत्यारोपण होत नाही पण अवयव काढता येतात अशा रुग्णालयांच्या नोंदणीची सोय केली, आणि अतिदक्षता विभागातील डॉक्टरांवर नातेवाइकांना विचारण्याची जबाबदारी टाकली. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्राने सूर्यास्तानंतरच्या शवविच्छेदनाला परवानगी दिली. अवयवदानाला त्यात प्राधान्य आहे. पूर्वी केवळ सकाळ होण्याची वाट पाहण्यात रात्र जात असे! अलिबागला २०२१ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. मेंदूमृत्यूची तपासणी आणि अवयव काढण्याची सोय किनाऱ्यावरच भक्कम झाली, तर अत्यवस्थ रुग्णाला जीव मुठीत धरून मुंबईला हलवावे लागणार नाही. शल्यचिकित्सकांचा चमू येथे येईल आणि पेटी घेऊन परत जाईल. स्थानिक लोकप्रतिनिधींकडे मागणी करावयाची तर ती या सोयीची करावी.

देशाचे चित्र काय? २०२३ साली भारतात १८ हजारांहून अधिक अवयव प्रत्यारोपणे झाली. परंतु मृत्यूनंतर अवयव देणारे दाते होते अवघे ११०० च्या आसपास. बाकी भार जिवंत दात्यांनी, आणि त्यांतही बहुतांशी घरातील मातृशक्तीने उचलला. पत्नी देते, आई देते, बहीण देते. जिवंत दात्याचे यकृत बर्फात फारच थोडा वेळ राहते, हे खरे; पण एका निरोगी माऊलीच्या पोटावर सुरी चालविण्याची वेळ यावी, कारण शेजारच्या जिल्ह्यातील एका मेंदूमृत देहाचे यकृत अग्नीला अर्पण झाले, हे समाज म्हणून भूषणावह नाही. राज्याचे माजी मुख्यमंत्री विलासराव देशमुख यांच्यासारखी, सर्व साधने हाताशी असलेली व्यक्तीही यकृताच्या प्रतीक्षेत १४ ऑगस्ट २०१२ रोजी चेन्नईत गेली. जेथे त्यांना यकृत मिळाले नाही, तेथे रोह्याच्या एखाद्या रिक्षाचालकाची काय कथा?

'अवयव काढला तर पुढच्या जन्मी तो राहत नाही' ही भीती अजूनही कानावर येते. ज्या धर्माने आत्मा अच्छेद्य मानला आणि देहाला जीर्ण वस्त्राची उपमा दिली, त्या धर्माच्या घरात ही भीती यावी, हे आश्चर्यच. दधीची ऋषींनी अस्थी दिल्या त्या वृत्रासुराच्या वधासाठी, म्हणजे लोकरक्षणासाठी. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी १९६६ साली आपला देह कर्मकांडाविना विद्युतदाहिनीत सोपविण्याची इच्छा व्यक्त केली होती. मराठवाड्यात जन्मलेल्या नानाजी देशमुखांनी १९९७ सालीच देहदानाचा संकल्प लिहून ठेवला, आणि २७ फेब्रुवारी २०१० रोजी चित्रकूट येथे त्यांचे निधन झाल्यावर त्यांचा देह दिल्लीच्या 'एम्स'कडे सुपूर्द झाला. रोह्यात जन्मलेल्या पांडुरंगशास्त्री आठवले यांनी किनाऱ्यावरच्या कोळी बांधवांना 'मत्स्यगंधा' नौकांची दृष्टी दिली. तिच्यावरील श्रम भक्ती म्हणून आणि मिळकत कोणाच्याही नावाची नाही. गरजूच्या घरी ती गाजावाजा न करता पोहोचते. मरणोत्तर अवयवदानातही देणाऱ्याचे नाव घेणाऱ्याला सांगितले जात नाही. या किनाऱ्याला त्यात नवे काही वाटू नये.

कार्यकर्त्यांनी एक गोंधळ मात्र घरोघरी दूर करावा. देहदान आणि अवयवदान एक नव्हेत. घरी मृत्यू आला तर नेत्रदान होते, त्वचादान होते, देह वैद्यकीय महाविद्यालयाला देता येतो. यकृत देता येत नाही, कारण रक्ताभिसरण थांबताच काही मिनिटांत ते निकामी होऊ लागते. यकृतदान होते ते रुग्णालयात, मेंदूमृत्यूनंतर, कृत्रिम श्वासावर हृदय धडधडत असतानाच. छाती वरखाली होताना दिसते, हात उबदार लागतो, आणि डॉक्टर सांगतात की माणूस गेला. आईबापांना हे पटणे किती कठीण! म्हणून हा विषय त्या रात्री प्रथमच निघू नये. सणावाराला सारे एकत्र जमलेले असताना, जेवणानंतरच्या गप्पांत, प्रत्येकाने आपली इच्छा मोठ्याने सांगून ठेवावी. संकल्पपत्र भरले तरी अंतिम संमती जवळचे नातेवाईकच देतात, हे विसरू नये. कपाटात ठेवलेला कागद त्या रात्री कोणाला आठवत नाही, दिवाळीत ऐकलेले वाक्य आठवते.

संमती मिळाली की विभागीय समन्वय समिती प्रतीक्षायादीतील क्रमाने रुग्ण ठरवते, त्याला उपाशीपोटी बोलावून घेतले जाते, आणि दोन शस्त्रक्रियागृहे एकाच वेळी सज्ज होतात. दात्याच्या महारोहिणीला चिमटा लावला की परिचारिका फळ्यावर वेळ लिहिते. रुग्णाच्या शरीरात चिमटा सोडून रक्त सुरू केले की दुसरी परिचारिका वेळ लिहिते. या दोन वेळांमधले अंतर रुग्णाच्या कागदपत्रांत कायम नोंदलेले असते. दुसऱ्या आठवड्यात विकरे चढू लागली आणि बायोप्सी करावी की आणखी एक दिवस थांबावे असा प्रश्न पडला, की डॉक्टर इतर अहवालांबरोबर तो आकडाही पुन्हा काढून पाहतात.